दुधीचा महिना

भावेशनं ताट उचललं आणि भिंतीवर मारलं. दुधीच्या फोडी भिंतीवरनं घसरत खाली यायच्या आत जिज्ञासाही तिथंच जाऊन आदळली. केसाला धरून फेकली होती त्यानं तिला.

"परत दुधी? मी काय आजारी हाय? का तीन पायाचा म्हातारा हाय?"

"आईंनीच सांगितला व्हता..." बिचारी एवढंच बोलली. त्यानं तोंडावर अशी मूठ हाणली की खालचा ओठ फाटला आणि रक्त गाऊनवर गळायला लागलं.

सासू, जनी, मधे पडली खरी, पण पडली ती सुनेवरच ओरडत. "लसूण घातलास ना भाजीत? शंभरदा सांगतंय, लसूण गरम, मिरची गरम. ऐकशील तर शपथ!"

भावेश दार लाथाडून टेम्पो घेऊन गेला. जनीनं सुनेच्या ओठात हळद दाबली आणि लगेच धने भिजत घातले, सकाळी लेकाला धन्याचं पाणी द्यायला. आता या बाईला काय म्हणावं!

सोनिवली गावात जनीची नदीकाठची पंधरा गुंठे जमीन उरली होती. बाकीच्या जमिनीवर बिल्डिंगी उभ्या राहिल्या आणि त्याच बिल्डिंगींना भावेश विटा-रेती पोचवायचा. लग्नाला चार वर्षं झाली, त्यातली दोन वर्षं तो बायकोला मारत होता. माझा पोरगा असा नाही, असं जनी सगळ्या आळीला सांगायची. मग कसा आहे, ते मात्र तिला सांगता यायचं नाही. शेवटी काही दिवसांपूर्वी तिनं विठाला गाठली होती. विठा म्हणजे गावातली जाणती. बाळंतिणीची पथ्यं, गोवर, कावीळ, सगळं तिच्या जिभेवर.

"उष्णता हाय गो त्याच्या पोटात," विठा बोलली. "ती डोक्यात चरली का हात उठतंय. सुकट बंद, अंडी बंद, कोंबरी बंद, लसूण, मिरी, गूल, सगला बंद. दुधी दे, काकरी दे, ताक दे, सब्जा दे. महिन्यात बग कसा गोगलगाय होतंय तो."

जनीला एकदम हायसं वाटलं. रोगाचं नाव कळलं, औषध तर आपल्याच मळ्यात! त्या दिवसापासून घरात दुधीचा महिना सुरू झाला. दोन दोन भांडी कोण लावणार, म्हणून सगळ्यांनी तेच खायचं. सकाळी ताक, दुपारी काकडी नि भात, रात्री दुधी. वर वैशाखाचं ऊन, खाली भेगाळलेली माती, आणि त्यात जिज्ञासा एकटी मळ्याला पाणी द्यायची. तिच्या गालाची हाडं वर आली. मार मात्र कमी झाला नाही. जनीनं भाजीतलं तिखटसुद्धा काढून टाकलं.

एक दिवस दुपारी हितेश आला. हा भावेशच्या टेम्पोवरचा जोडीदार. ताडपत्री न्यायला आला होता. जनीनं त्याच्यापुढे ताकाचा पेला धरला.

"घे रे, थंड हाय. भावेशला पन हेच देतंय मी. फरक वाटतंय का रं काय?"

हितेश हसायलाच लागला. "कसला फरक, काकी? भाऊ तर रोज दुपारी स्टेशनच्या बाजूला कोंबडी-वडे हाणतो. एकदम झणझणीत. संध्याकाळी क्वार्टर आणि अंडा-भुर्जी फिक्स. घरचं खाना म्हणजे उपवास, बोलतो."

जनीनं पेला खाली ठेवला. म्हणजे महिनाभर ही सगळी थंडाई गेली कुणाच्या पोटात?

ती तशीच मळ्याकडे धावली. दुधीच्या मांडवाखाली जिज्ञासा मातीत आडवी पडली होती. पाण्याचा पाइप बाजूला वाहत होता. जनीनं तिचं डोकं मांडीवर घेतलं, तोंडावर पाणी मारलं.

"जिज्ञासा! ए बाय, डोले उघर!"

"आई," ती डोळे मिटूनच बोलली, "मना उठवत नाय. तो मारतंय तवा तोंडापुरं हात पन वर होत नाय वो माजा."

जनीला स्वतःचीच अशी शरम वाटली की ती मातीत बसून मोठ्यानं रडली. मारणारा बाहेर कोंबडी खात होता आणि मार खाणारीला आपण काकड्या घालून पार वाळवून टाकली. आई म्हणून तर नाहीच, बाई म्हणूनसुद्धा आपल्याला अक्कल नव्हती!

त्याच दिवशी तिनं आपल्या हातानं कोंबडी कापली. सुरी फिरवताना तिचे दात आवळलेले होते. लसूण, मिरी, आलं, काही कमी केलं नाही. "खा," ती बोलली. "सगला खा. रस्सा पी." दुसऱ्या दिवशी दोन अंडी, तिसऱ्या दिवशी सुकट, मग खारीक-डिंकाचे लाडू. भावेशला दुधी चालूच होता. तीन आठवड्यांत सुनेच्या अंगात रग आली. पाण्याचे दोन हंडे ती एका दमात आणायला लागली.

मग एक दिवस भावेश भरदुपारीच घरी आला. जिज्ञासा जेवत होती.

"मना दुधी आनि हिला सुकट? मस्ती आलीय काय?" त्यानं पट्टा काढला. पहिला फटका तिच्या खांद्यावर बसला. दुसरा तिनं हवेतच पकडला. पट्टा ओढला तसा भावेश तोंडावर आपटला. कोपऱ्यात धुणं बडवायचं धोपाटणं होतं. तिनं ते दोन्ही हातांनी उचललं आणि पट्ट्याच्या हातावर घातलं. काड्कन आवाज झाला. तो उठायला गेला तर दुसरा तडाखा पाठीवर, तिसरा मांडीवर. दोन वर्षांचं सगळं तिच्या तोंडातनं शिव्या होऊन बाहेर पडत होतं.

"आये! आये गो, वाचव! मारून टाकल ही मना!"

जनी हलली नाही. तिचं काळीज तुटत होतं, पोटचा गोळा होता तो. दाराशी आळी गोळा झाली. विठा पुढं घुसायला लागली, तर जनीनं दारात हात आडवा धरला. "कोन आत येल त्याची खैर नाय!"

अखेर धोपाटणं जिज्ञासाच्या हातातनं गळून पडलं. ती भिंतीला टेकली. भावेश हात पोटाशी धरून सरपटत आईच्या पायाशी आला.

"आये, हात मोरला माजा. दवाखान्यात ने ना."

जनीनं सुनेला हाताला धरून परत पाटावर बसवली, तिचं ताट पुढं सरकवलं आणि वर गरम भात वाढला.

"बस तिकरं," ती लेकाला बोलली. "ती जेवली का जाव."