आवाजाची नोटीस

आमच्या स्नेहवर्धिनी सोसायटीत नळाला पाणी नसेल, पण तक्रारवहीला शाई कधी कमी पडत नाही. सेक्रेटरी देवव्रत सहस्रबुद्धे, रिटायर्ड माणूस. कोणाचा कुत्रा कुठे बसला, कोणाच्या कुंडीचं पाणी कोणाच्या चादरीवर गळलं, सगळं तारीख-वेळ घालून लिहितात आणि खाली गोल शिक्का हाणतात. मी पर्पेच्युआ, तळमजल्यावरची. माझ्या सुक्या बोंबलांच्या वासावर त्या वहीत दोन पानं आहेत. वाचलीत मी. एक अक्षर खोटं नाही.

सहस्रबुद्धे तीनशे तीनमध्ये राहतात आणि भिंतीपलीकडे तीनशे चारमध्ये केतन आणि त्याची बायको संघमित्रा. केतन पवईला ऑफिसात. भलताच सज्जन. बायकांसाठी लिफ्टचा दरवाजा धरतो, गणपतीत आरतीचं ताट फिरवतो. बायकोला मारतो, पण ते घरात. तिने एकदा हिंमत करून कमिटीला सांगितलं, तर सहस्रबुद्धे म्हणाले, "हे बघा ताई, नवरा-बायकोचा मामला. कमिटी मध्ये पडत नाही." मग पार्किंगचा विषय घेतला आणि त्यावर दीड तास भांडले.

माझं डोकं फिरलं. मी तिला म्हटलं, "पोरी, रडून झालं ना? आता कागद आण." मरोळ गावठाणात आमच्या महिला मंडळात क्षमा नावाची वकील येते, तिने आम्हाला हे सगळं शिकवलेलं. आधार कार्ड, लग्नाचा दाखला, दवाखान्याचे कागद, दोन ड्रेस, सगळं एका पिशवीत भरून माझ्या तांदळाच्या डब्यामागे ठेवलं. खूणही ठरली. तिचा "आंटी, व्हिनेगर आहे का" असा मेसेज आला की मी एकशे बाराला फोन लावायचा आणि लाटणं घेऊन वर जायचं. लाटणं क्षमाच्या यादीत नव्हतं, ते माझं.

दोनदा व्हिनेगर मागितलं. दोनदा पोलीस आले. दोन्ही वेळा केतन दारात हसत उभा. "काही नाही साहेब, मिसेसना टेन्शन आहे, वस्तू फेकतात." पोलिसांनी शेजारी विचारलं, तर सहस्रबुद्धे म्हणाले, आम्ही लवकर झोपतो. माझे बोंबील तिसऱ्या मजल्यावरून ओळखणारी ही माणसं.

क्षमाने संरक्षण अधिकाऱ्यांकडे रिपोर्ट करून घेतला आणि कोर्टात अर्ज टाकला: केतनने तिच्या अंगाला हात लावायचा नाही, तिला राहत्या घरातून काढायचं नाही, उलट त्यानेच बाहेर राहायचं. केतनचा वकील म्हणाला, बाईच्या डोक्यावर परिणाम झालाय, कोणी काही ऐकलेलं नाही. मी तळमजल्यावर, मी तरी काय ऐकणार? संघमित्रा माझ्या ओट्याशी बसून म्हणाली, "आंटी, ऑर्डर नाही मिळाली तर दहिसरला भावाकडे जावं लागेल. तो महिनाभरात मला समजावून परत इथेच सोडेल." तिचा भाऊ मी पाहिलाय. त्याने पंधरा दिवसांतच सोडलं असतं.

आणि त्याच आठवड्यात सोसायटीने नोटीस काढली. केतनला नाही, संघमित्राला. का, तर ओरडते ती. सोसायटीने किती सहन केलं ते कळावं म्हणून सोबत तक्रारवहीचा उतारा जोडलेला. 'रात्री १०.४० ते ११.१५. तीनशे चारमधून भांडी आपटण्याचा व सदर महिलेचा "मारू नको" असा त्रासदायक आवाज. झोपमोड झाली.' अशा चौदा तारखा. प्रत्येकीखाली सही आणि गोल शिक्का.

संघमित्रा रडायला लागली. मी चष्मा लावून दोनदा वाचलं आणि म्हटलं, "अगं वेडे, क्षमाला फोन लाव. या येड्यांनी पुरावा घरपोच दिलाय."

सहस्रबुद्धेंना कोर्टाचं बोलावणं आलं. आदल्या दिवशी केतनने त्यांना चहा पाजून समजावलं होतं, तेव्हा ते अंग काढून घ्यायच्या तयारीनेच आले. केतनच्या वकिलाने वाटही करून दिली. "काका, हे तुम्ही अंदाजाने लिहिलंत ना? थोडं वाढवून?"

पण अंदाजाने? त्यांची वही? म्हाताऱ्याचे कान लालबुंद झाले. "एकेक नोंद मी स्वतःच्या कानांनी ऐकून, घड्याळ बघून केलेली आहे," ते म्हणाले. केतनने डोळे मिटले.

मॅजिस्ट्रेट बाईंनी विचारलं, "'मारू नको' हे तुम्ही चौदा वेळा ऐकलंत?"

"नऊ वेळा. बाकी पाच वेळा नुसती भांडी."

"मग तुम्ही काय केलंत?"

"नोटीस काढली."

"कोणाला?"

सहस्रबुद्धेंनी संघमित्राकडे बोट दाखवलं. बोट वर केल्यावर त्यांना कळलं असावं, कारण ते खाली घ्यायला त्यांना वेळ लागला.

ऑर्डर मिळाली. केतन बॅग घेऊन गेला, लिफ्टचा दरवाजा कोणी धरला नाही. मी ऑर्डरची कॉपी सोसायटीच्या ऑफिसात दिली, आवकचा शिक्का घेतला आणि सहस्रबुद्धेंना म्हटलं, "आता वही द्या, मला तक्रार लिहायचीय."

चौदाही तारखा एकाखाली एक उतरवल्या आणि समोर लिहिलं: 'रात्री १०.४० ते ११.१५. तीनशे तीनमधून काहीच आवाज आला नाही.' खाली सही केली.

शिक्का त्यांनी अजून मारलेला नाही.