ओरेस्तेला खांदा

रोक्कापिंता गावात दर गुरुवारी साडेदहाला इतिहास यायचा. बस खाली उतारावर थांबायची, सावेरिओ गाईड पिवळी छत्री उंच धरून वर चढायचा आणि मागून चाळीस माणसं धापा टाकत यायची. वेशीच्या आत पाऊल पडलं की सावेरिओ सातशे वर्षं मागे जायचा आणि बाराच्या ठोक्याला जेवायला परत यायचा.

एर्सिलियाचा थोरला भाऊ ओरेस्ते याला त्या गुरुवारचा भयंकर तिटकारा. किल्ला कुठे म्हणून कोणी विचारलं की तो अत्यंत नम्रपणे गटाराची वाट दाखवायचा. सावेरिओही काही कमी नव्हता. ओरेस्तेकडे बोट करून तो लोकांना सांगायचा, हे इथले शेवटचे लोहार. ओरेस्तेने जन्मभर पोस्टात शिक्के मारले होते.

तोच ओरेस्ते मंगळवारी गेला आणि जाताना बहिणीला पेचात टाकून गेला. "मला त्या कचऱ्याच्या तीनचाकीतून नेऊ नका," एवढंच त्याचं शेवटचं मागणं. गल्लीत दुसरी गाडी शिरतच नाही. पूर्वापार रीत अशी की शवपेटी घरापासून देवळापर्यंत सहा खांद्यांवर जायची, वाटेत कुठे टेकवायची नाही. खांदेकऱ्यांनी पांढरे झगे घालायचे आणि डोळ्यांपुरती भोकं असलेली टोपडी तोंडावर ओढायची. खांदा कोणी दिला ते कळू नये, घरच्यांवर उपकाराचं ओझं राहू नये, म्हणून. झगे सहा होते, पुरुष उरले होते तीन: नेल्लो, अमेदेओ आणि गुडघा बदललेला ब्रुनो. तरणी पोरं केव्हाच खालच्या शहरात पांगली होती, आणि त्यांतल्या एकालाही रजा मिळाली नाही. पाद्री पाच गावांना मिळून एक. तो म्हणाला, गुरुवारी अकरा, नाहीतर सोमवार.

तीनचाकीवाल्याने बिचाऱ्याने गाडी धुऊन तिला काळी फीत बांधून आणली होती. एर्सिलिया तिच्याकडे पाहत नव्हती. भावाचा एवढा एक शब्द आपल्याला पाळता येऊ नये, या लाजेने तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

तेवढ्यात कोपऱ्यावर पिवळी छत्री उगवली. दारात तीन झगेवाले पाहून सावेरिओ हरखला. ऑगस्टच्या जत्रेत गाव जुने कपडे घालून सोंगं काढायचं, त्याचीच ही तालीम असणार, असं त्याने स्वतःच ठरवलं आणि मंडळींना सांगून टाकलं: प्लेगच्या काळातली अंत्ययात्रा, खास आपल्यासाठी. मग तो एर्सिलियाच्या कानाशी येऊन म्हणाला, "बाई, आधी सांगायचंत की. सहलीच्या कागदावर छापलं असतं."

त्याला सोलून काढायला तिने तोंड उघडलं. पण तिची नजर पुढच्या रांगेतल्या दणकट खांद्यांवर गेली आणि तोंड मिटलं.

"तीन माणसं कमी पडताहेत," ती म्हणाली. "धट्टीकट्टी बघून दे."

नऊ हात वर झाले. एक पहाडासारखा डच आणि दोघे डॅनिश भाऊ निवडले गेले. झगे त्यांना गुडघ्यापर्यंतच आले, खाली अर्ध्या चड्ड्या आणि सँडल. पेटी उचलली गेली. एर्सिलिया मागे रडत चालली, तेव्हा एका बाईने तिचा फोटो काढला आणि मैत्रिणीला सांगितलं की म्हातारीचा अभिनय अस्सल आहे.

निम्म्या चढावर डच टोपड्याआडून काहीतरी पुटपुटला.

"विचारतायत, एवढं जड काय भरलंय," सावेरिओ हसत म्हणाला.

"माझा भाऊ."

सावेरिओचं हसू तसंच राहिलं. त्याने तिच्याकडे पाहिलं, मग भिंतीवर चिकटवलेल्या काळ्या चौकटीच्या कागदाकडे. त्यावर ओरेस्तेचा फोटो होता आणि खाली अंत्यविधीची तारीख, आजची. छत्री खाली आली. मग त्याने अठरा वर्षांत पहिल्यांदा जसंच्या तसं भाषांतर केलं.

डच थबकला. पेटी कलली. आता हा टेकवतो, एर्सिलियाला वाटलं, आणि तिने मनातल्या मनात भावाची क्षमा मागितली. टोपड्याच्या भोकांतून दोन निळे डोळे तिच्याकडे बघत राहिले. मग त्याने दुसरा हातही पेटीला लावला, पुढच्या डॅनिश भावांना हळूच काही सांगितलं आणि पाऊल उचललं. पेटी थेट देवळात गेली.

प्रार्थना संपून पेटी बाहेर आली तेव्हा रीतीप्रमाणे गावाने टाळ्या वाजवल्या. सहलीनेही वाजवल्या, गावापेक्षा जोरात. तिघा पाहुण्यांनी मात्र देवळामागे जाऊन, कोणी बघत नाही असं पाहून, मगच टोपडी काढली.

सावेरिओ छत्री काखेत मारून एर्सिलियापुढे उभा राहिला. "बाई, पुन्हा कधी काही लागलं तर सांगा," एवढंच त्याला जमलं.

"पुढच्या वेळी सहाच्या सहा तूच आण," एर्सिलिया डोळे पुसत म्हणाली. "आमच्या या तिघांचे खांदा द्यायचे दिवस संपले, घ्यायचे आलेत."

नेल्लो पायरीवर बसून दम खात होता. "म्हणजे आता मंगळवारीच मरायला हवं," तो म्हणाला.