ज्याचा अंगठा त्याची संमती

युसूफ वडगाव या गावाजवळच्या एका वाडीला दुष्काळात रोज टँकरच्या दोन खेपा मंजूर होत्या. येत होती एक. विचारलं तर तालुक्याच्या कचेरीनं सांगितलं, दोन्ही पोचतात; प्रत्येक खेपेला पाणी समितीच्या बायनाबाईचा अंगठा आहे.

बायनाबाई दिवाळीपासून पाडव्यापर्यंत कर्नाटकात ऊस तोडत होती. आपला अंगठा मागं राहून गावाची कामं बघत होता, हे तिला परतल्यावर कळलं. पुतण्या सुग्रीवकडून तिनं माहितीच्या अधिकारात अर्ज लिहून घेतला: टँकरच्या नोंदवहीतलं माघातलं पान दाखवा.

पान मिळालं. अंगठ्यांवर काळी पट्टी.

"कावून हो साहेब?" कचेरीत जाऊन तिनं माहिती अधिकारी बबनरावांना विचारलं. "माजाच अंगठा मलाच झाकून?"

"खासगी माहिती आहे, मावशी."

बबनराव वाईट माणूस नव्हते. गेल्या साली कुणीतरी त्यांच्या रजेचे कागद अर्ज करून काढले आणि त्यांचं मूळव्याधीचं ऑपरेशन तालुकाभर मोबाईलवर फिरलं. तेव्हापासून काळ्या पट्टीला त्यांचा हात सढळ झाला होता.

"जिचा अंगठा, तिची लेखी संमती आणा."

"ती मीच हाय."

"मग सोपंच झालं."

सुग्रीवनं तिथंच संमतीपत्र लिहिलं. बायनाबाईनं अंगठा उठवला. बबनरावांनी मूळ नोंदवही आणली, दोन्ही अंगठे भिंगाखाली धरले आणि नकार लिहायला घेतला.

"जुळत नाही. ही संमती त्या बाईची नाही."

"मी बी तेच म्हनते. तेवढं सही-शिक्क्यानं द्या."

पेन थांबलं. बबनरावांनी कागद सावकाश ड्रॉवरमध्ये सारला.

"लेखी देता येणार नाही. यात दुसऱ्याची खासगी बाब येते."

"कुनाची?"

"ज्यानं अंगठा केला त्याची. त्याची संमती लागेल."

"कोन हाय त्यो?"

"तेच तर सांगता येत नाही."

"चल काकू, अपील करू," सुग्रीव म्हणाला. "दोनेक महिन्यांत निकाल लागतो."

"तवर लेकरं काय अपील पितील?" बायनाबाईनं पदर खोचला आणि टेबलासमोर फरशीवर बसली. "तू जा घरी. दुसरी खेप आली की फोन कर, मंग उठते."

जेवणाची सुट्टी झाली, संपली. लोक दारातून डोकावू लागले. शेवटी बबनरावांनी टँकरवाल्याचा नंबर लावला आणि फोन कानाला धरून व्हरांड्यात गेले. बोलणं खासगी होतं.