मांडीतलं हाड

रंगाऱ्याच्या उजव्या मांडीत दगडासारखी टणक गाठ आली होती आणि गुडघा अर्ध्यावरच अडत होता. एमआरआयच्या रिपोर्टात ‘संशयास्पद गाठ’ असं छापून आलं, तेव्हापासून आठ दिवस नवरा-बायकोच्या घशाखाली धड घास उतरला नव्हता. सोमवारी सर्जन गाठीचा तुकडा काढून तपासणार होते. त्याआधी सीटी स्कॅन हवा, म्हणून दोघं आज इथे आली होती.

स्कॅन सेंटरच्या डॉक्टरीणबाईंनी फॉर्म वाचला. ‘मार लागला होता का?’ या प्रश्नापुढे ‘नाही’ लिहिलं होतं.

“काका, नक्की कुठे पडला-बिडला नव्हतात ना?”

“छे, कुठलं काय!” रंगारी खिडकीकडे बघत म्हणाला.

“यांना लागलं तर अख्ख्या गल्लीला कळतं,” बायको म्हणाली. “नख तुटलं तरी घर डोक्यावर घेतात.”

स्कॅन पाच मिनिटांत झाला. डॉक्टरीणबाई पडद्यासमोर बसून मांडीची एकेक चकती सरकवत राहिल्या. गाठ स्नायूत होती. तिच्यात आणि मांडीच्या हाडात एक बारीक काळी फट होती. गाठीची कड हाडासारखी पांढरीशुभ्र, पेन्सिलीनं आखल्यासारखी स्वच्छ, आणि मधला भाग करडा. हाडाच्या कॅन्सरमध्ये बहुधा याच्या उलट असतं, मध्य दाट आणि कड विस्कटलेली. मुका मार बसलेल्या स्नायूत कधीकधी शरीर चुकून हाड घडवायला घेतं, ते नेमकं असं दिसतं. पण मग मार कुठे होता?

त्या आत गेल्या. रंगारी टेबलावर बसून पायजम्याची नाडी बांधत होता.

“काका, आता इथे आपण दोघंच आहोत. खरं सांगा.”

त्यानं गाठ बांधली, सोडली, परत बांधली.

“शिडीवरून पडलो. दीड महिना झाला. रंगाच्या डब्याच्या काठावर मांडी आपटली.”

“मग लपवलंत का?”

“मागच्या वर्षी मला चक्कर आली होती. तेव्हापासून शिडी चढायची नाही, अशी शपथ घातलीय तिनं. वातानं पाय धरलाय म्हणून सांगितलं. तर बिचारी रोज संध्याकाळी तेल लावून रगडते. जीव जातो हो, पण सांगणार काय?”

“ते रगडणं आजपासून बंद. त्यानं हे वाढतं. आणि काका, हा बहुतेक कॅन्सर नाही. शरीरानं नको तिथे हाड केलंय, एवढंच.”

रंगारी दाराकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, “तिला तुम्ही सांगाल?”

“कॅन्सर नाही हे मी सांगते. शिडीचं तुमचं तुम्ही.”

डॉक्टरीणबाईंनी बाहेर येऊन बायकोला सांगितलं की हा बहुतेक कॅन्सर नाही, आणि मग बाकावर बसून त्यानं शिडीचं एका दमात सांगून टाकलं. बायको ऐकत राहिली. तिनं पदर डोळ्यांना लावला, आणि मग त्याच्या खांद्यावर एक सणसणीत चापट दिली.

“आठ दिवस मी देवाशी भांडतेय! आणि तुम्ही…” तिनं पुन्हा डोळे पुसले. “मी रगडत होते तेव्हा एकदा तरी ओरडायचं होतंत हो.”

“ओरडलो असतो तर तू विचारलं असतंस.”

डॉक्टरीणबाईंनी सर्जनना फोन लावला. घाईनं तुकडा काढला तर अशा गाठीत आतल्या कोवळ्या पेशी कॅन्सरच्या वाटून फसगत होऊ शकते, म्हणून सोमवार रद्द झाला. चार आठवड्यांनी एक्स-रे काढायचा, तोवर पायाला आराम.

चार आठवड्यांनी कड आणखी घट्ट झाली होती आणि गाठ एका रेघेनंही वाढली नव्हती. सर्जननी ऑपरेशनचा विषय बाजूला ठेवला. हळूहळू व्यायाम सुरू झाला. गाठ थोडी आक्रसली, गुडघा वाकू लागला. सहाव्या महिन्यात रंगारी शेजाऱ्यांचं कुंपण रंगवायला बसला, जमिनीवर मांडी घालून. बायको जवळच खुर्ची टाकून भाजी निवडत होती. कुठे रंग राहिला ते ती सुरीच्या टोकानं दाखवत होती, आणि तो मुकाट्यानं तिथे पुन्हा ब्रश फिरवत होता.