सहा लाल, सहा फिकी

आमच्या संस्थेतलं अंडी उबवायचं यंत्र सात महिने दुरुस्तीच्या मंजुरीची वाट बघत पडलं होतं. शेवटी कैलास सर, म्हणजे माझे पीएच.डी.चे मार्गदर्शक, म्हणाले, "कोंबडीला कुठे मंजुरी लागते?" म्हणून मी बारा अंडी घेऊन तिकोणा पेठ गावी रतनआत्याकडे गेले. तिची एक कोंबडी उबवणीला खुडूक झाली होती आणि संस्थेतल्या बहुतेकांपेक्षा जागेवर जास्त वेळ बसत होती.

प्रयोग साधा होता. अंड्यातल्या जिवात दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पहिलं रक्त तयार होतं. जनुकं सगळ्या पेशींत तीच. पण त्यांच्यावर बारीक रासायनिक खुणा असतात आणि कुठल्या पेशीनं रक्त व्हायचं हे त्या खुणांवर ठरतं. सहा अंड्यांत मी खुणा पुसणारं औषध टोचलं, सहांत नुसतं खारं पाणी. सुईच्या भोकांवर दिसणारही नाही अशी पारदर्शक चिकटपट्टी लावली, पेन्सिलीनं 'औ' आणि 'पा' लिहिलं आणि पुण्याला परतले. औषधानं रक्त थांबतं, हा निष्कर्ष सरांनी लोणावळ्याच्या परिषदेला आधीच कळवून टाकला होता.

तिसऱ्या दिवशी सरांना घेऊन गेले, तर बाराही अंडी लख्ख आणि प्रत्येकावर कोळशाची एकेक रेघ.

"आत्या, अक्षरं कुठं गेली?"

"पुसली. कायबाय खरडलं व्हतं. दुसरी कोंबडी त्याच पाटीत अंडं घालाया येती. बसवल्याली कंची ते कळाया नगं व्हय? म्हून रेघ वढली."

मला रडूच आलं. डिसेंबरात माझी शिष्यवृत्ती संपत होती. परिषदेत काही दाखवलं नाही तर मुदतवाढ मिळणार नव्हती. सर मात्र शांत. अंडी एकेक करून फोडली. सात लाल निघाली, पाच फिकी. सर सातवं बराच वेळ न्याहाळत राहिले. मग म्हणाले, "हे तसं फिकंच आहे. लाल ती पाण्याची, फिकी ती औषधाची. सहा-सहा. इतका स्वच्छ निकाल मी तीस वर्षांत पाहिला नाही."

मी मान डोलावली. लाज वाटली, पण डोलावली.

परिषद मराठीतून होती, म्हणून आत्याही आली. ठेवणीतली नऊवारी नेसून पहिल्या रांगेत बसली. मी पडद्यावर अंड्यांचे दोन गट दाखवले, टाळ्या पडल्या. एकानं आलेखाच्या रंगाबद्दल विचारलं, दुसऱ्यानं प्रश्न म्हणून स्वतःचंच संशोधन सांगितलं. मग आत्यानं हात वर केला. स्वयंसेवकानं तिला माईक दिला.

"समे, अक्षरं तर मी पुसल्याली. मंग कंचं अंडं कशाचं, ते तुला कळलं कसं?"

दोनशे विद्वानांच्या सभागृहात कामाचा असा तो पहिलाच प्रश्न होता. सर घाईनं उठले आणि "चहा तयार आहे" म्हणाले. लोक लगेच उठू लागले. आत्या उभीच. मी काहीही सांगितलं असतं तरी तिला पटलं असतं, भाची शिकलेली ना! त्या विश्वासाचाच मला राग आला आणि मग माझा स्वतःचा.

"नाही कळलं, आत्या," मी माईकमध्ये म्हणाले. "कुणालाच कळलं नाही."