चार हुकूम

देवळाली कॅम्पाच्या बाजारात, एका शिंप्याच्या दुकानात उज्वला फौजी वर्द्यांना बिल्ले शिवायची. त्या दिवशी दुपारी ती जेवायला घरी आली, तर आठ वर्षांची निकिता अंगणात रणरणत्या उन्हात दोन्ही हात वर करून उभी. तोंड लालबुंद, हात थरथरताहेत. आणि ओसरीच्या सावलीत सासरे, तोफखान्यातून निवृत्त झालेले हवालदार खंडेराव, खुशाल पेपर वाचत बसलेले.

"किती वेळ झाला?" उज्वलानं विचारलं.

"वीस मिनिटं. चपला जागेवर ठेव, बाटली भर, दार लाव आणि पुस्तक घेऊन बस, एवढंच सांगितलं होतं. ही बया गेली मांजरामागे. ऐकायचंच नसतं तिला."

उज्वलानं लेकीचे हात धरून खाली घेतले. पोर कळवळली. दहा वर्षांत सासऱ्यांपुढे आवाज न चढवलेल्या उज्वलाच्या डोक्यात तिडीक गेली.

"मामा, डॉक्टरांनी तुमच्यासमोर सांगितलं ना, तिला एडीएचडी आहे म्हणून? लक्ष टिकत नाही तिचं, ती मुद्दाम नाही करत. जवळ जाऊन एकच गोष्ट सांगायची, ती झाली की पुढची."

"डॉक्टरचं काय जातंय! सोमनाथला मी असाच वाढवला. ऐकला ना तो?"

"तुमचा मुलगा आजही तुमच्यापुढे तोंड उघडत नाही. त्याला ऐकणं म्हणायचं?" शेजारीण दारात आलेली तिला दिसली. येऊ दे. "आणि परेडवर रंगरुटांना तुम्ही चार हुकूम एकदम द्यायचात?"

"छे! एक हुकूम. तो झाला की दुसरा," खंडेराव तोऱ्यात म्हणाले, आणि त्यांच्या हातातला पेपर खाली आला.

"वीस वर्षांच्या जवानाला एक, आणि माझ्या एवढ्याशा पोरीला चार?"

ती तशीच उपाशी, निकिताला घेऊन दुकानात निघून गेली. पुढचे चार दिवस पोर तिच्याबरोबरच. घरी ती खंडेरावांपुढे ताट आदळायची. ते निमूट जेवायचे.

पाचव्या दिवशी सकाळी ते निकितासमोर दुखरे गुडघे मोडून उकिडवे बसले. "निकी, चपला."

ती खिडकीकडे बघत होती. त्यांच्या मानेची शीर फुगली. उज्वला दारात मुठी आवळून उभी. पण त्यांनी नुसता पोरीच्या खांद्यावर हात ठेवला, ती बघेपर्यंत थांबले. "चपला."

निकिता उठली, चपला ठेवून आली.

"शाब्बास. आता बाटली."

बाटली भरून आली. "आता दार," म्हणेस्तोवर तिचं लक्ष झाकणाच्या आट्यांत गुंतलं.

"निकिता!" खंडेराव गरजले. पोर दचकली, पाणी सांडलं.

"मामा!"

"कळलं!" ते खेकसले. फडकं ओढून स्वतःच फरशी पुसू लागले. "दोन कामं झाली की नाही? जा तू. मी सांभाळतो हिला."

"दोन झाली. पण ओरडलातही. आज नाही ठेवणार." उज्वलानं निकिताला चपला घालायला सांगितलं, तिनं घातल्या. "उद्या सकाळी परत बसा तिच्यासमोर. मी उभी राहीन."

ते फडकं पिळत राहिले. लेकीचा हात धरून ती फाटकाबाहेर पडली. तिची कानशिलं अजून तापलेलीच होती.