तिसरं भाडं

भर दुपारी लंबूच्या फोनवर भाडं वाजलं आणि प्रवाशाच्या जागी त्याच्या मेहुणीचं नाव आलं. मेहुणीचा पाय प्लास्टरमध्ये. जी धड स्वयंपाकघरापर्यंत जात नव्हती, ती बंद गोदामाच्या फाटकाशी टॅक्सी कशाला बोलावेल? बोलावणारा तिचा नवरा होता, लंबूचा साडू. ॲपच्या टॅक्सीवाल्यांचा संप चालू होता आणि संपातली सगळी पोरं त्याला अध्यक्ष म्हणत.

संप मोडणाऱ्यांना पकडायची ही त्यांची रीत. बायकोच्या नाहीतर बहिणीच्या फोनवरून गाडी बोलवायची आणि ड्रायव्हर आला की धुऊन काढायचा. कालच एकाचा हात मोडला होता. लंबूला हे ठाऊक होतं, कारण परवापर्यंत तोही त्याच फाटकाशी बाह्या सरसावून उभा होता.

मग ॲपवाल्या कंपनीचा निरोप आला, की गाडी बंद ठेवणाऱ्याची ड्रायव्हरची आयडी कायमची बंद. लंबूचं अवसान गळालं. आज तो निघाला खरा, पण साथीदारांच्या धास्तीने सकाळीच दोन भाडी नाकारून बसला. तिसरं नाकारलं की आयडी बंद, खेळ खलास. गयावया करायची तर कुणापुढे? अध्यक्षाची आयडी एका दारुड्या प्रवाशाच्या खोट्या तक्रारीवरून गेली, तेव्हा तो कंपनीच्या ऑफिसात गेला होता. काचेच्या दाराआडून रखवालदार म्हणाला, तक्रार ॲपवर करा. आणि आयडी बंद, म्हणून ॲप उघडेना. असल्या कारभाराला ही मंडळी भागीदारी म्हणतात. ड्रायव्हर म्हणे पार्टनर. नोकराला निदान कामावरून काढणाऱ्याचं तोंड तरी दिसतं.

घरात आई, बायको आणि गाडी हाकण्यापलीकडे काही न येणारा हा ताडमाड माणूस. मार खाल्ला तर महिन्याभरात उभं राहता येईल, आयडी गेली तर घरच बसेल. लंबूने भाडं घेतलं.

फाटकाशी दहा-बारा जण होते. त्याने गाडी थांबवली आणि काच खाली केली.

"साडूभाऊ, कोड सांगा."

प्रवाशाच्या फोनवरचा कोड घातल्याशिवाय ट्रिप सुरू होत नाही. अध्यक्ष खिडकीशी आला.

"लाज विकून खाल्लीस का रे? मार खायला आलायस की भाडं घ्यायला?"

"दोन्हीला. ट्रिप सुरू झाली की हे भाडं नाकारलं असं धरत नाहीत. मग हवं तेवढं मारा, मी हात उचलणार नाही. फक्त तक्रार टाकू नका."

पोरं खो खो हसली. अध्यक्ष हसला नाही. आयडी जाणं म्हणजे काय, हे त्याला दुसऱ्या कुणी सांगायला नको होतं. त्याने खालच्या आवाजात चार आकडे सांगितले. लंबूने ते फोनमध्ये घातले, दाराची कडी काढली, आणि अध्यक्षाने दार उघडून त्याच्या थोबाडीत ठेवून दिली.

मग सगळेच तुटून पडले. पुढची काच विटेने फुटली. एकाने केस धरून त्याचं डोकं दारावर आपटलं, दुसऱ्याने बरगडीत दांडा खुपसला. सीटचा पट्टा लावलेला, त्यामुळे त्याला बाहेर ओढता येईना. तेव्हा पोरांनी गाडीच दोन्ही बाजूंनी धरून गदागदा हलवली, उचलून आपटली. लंबूने दिलेला शब्द पाळला. स्टिअरिंग घट्ट धरून तो मार खात राहिला, आणि तोंडातलं रक्त शर्टावर सांडत राहिलं.

"बास," अध्यक्ष ओरडला. "मरेल तो."

पोरं मागे सरली. तेवढ्यात फोनमधली बाई मधाळ आवाजात बोलली.

"आपल्या वाहनाला वारंवार जोरदार हादरे बसल्याने धोकादायक ड्रायव्हिंगची नोंद झाली आहे. प्रवाशांच्या सुरक्षेसाठी आपली आयडी कायमची बंद करण्यात आली आहे. धन्यवाद, पार्टनर."

गाडीचं चाक तसूभर फिरलं नव्हतं. अध्यक्षाने वाकून फोनकडे पाहिलं, मग साडूकडे. त्याचा चेहरा उतरला.

लंबूने पट्टा सोडला. सीटखालचा चाकाचा पाना घेऊन तो बाहेर आला, कुणाला काही कळायच्या आत अध्यक्षाच्या तोंडावर हाणला. जबड्याचं हाड वाजलं. अध्यक्ष फाटकावर कोसळला. खरं तर लंबूला त्याला मारायचंच नव्हतं. त्याला मारायची होती ती बाई, तो हिशेब करणारं जे काही होतं ते, काचेच्या दाराआडचं कुणीतरी. पण त्यातलं कुणीच तिथे नव्हतं. साडू होता.

पोरं पांगली. अध्यक्षाने खाली बसल्या बसल्या दोन्ही हात वर धरले. मोडक्या जबड्यातून शब्द नीट फुटत नव्हते.

"मी कोड दिला होता ना रे तुला."

लंबूला ते ऐकू आलं, पटलंही. त्याने पाना पुन्हा उचलला.